तीन नाही, चार विषय बाकी आहेत

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर तू गाडीतच बसली होतीस, क्लिनिकमधून नुकतीच सुटलेली, स्क्रबच्या बाहीला मांजराचे केस, आणि म्हणालीस, बाबा, मी यंदा व्हेट स्कूलला अप्लाय करत नाहीये, प्रवेशाला लागणारे तीन विषय बाकी आहेत. मी गप्प बसलो कारण काही बोललो असतो तर तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहितोय.

आधी मला वाटलं हे आमच्या एटीकेटीसारखं काहीतरी आहे. मग रात्री तुझी विषयांची एक्सेल शीट उघडून बसलो तर त्यात तू एकाही विषयात अडकलेली नाहीस गं, फक्त घ्यायचे राहिलेत. व्हीएमकॅसच्या, म्हणजे व्हेट कॉलेजांच्या त्या सामायिक अर्जाच्या, फॉर्मातच चालू असलेले आणि पुढे घेणार असलेले विषय टाकायची सोय आहे. फॉर्मची मुदत सप्टेंबरच्या मध्यात संपते, पहिलं वर्ष सुरू होतं पुढच्या ऑगस्टच्या आसपास, म्हणजे मध्ये फॉल आणि स्प्रिंग अशा दोन आख्ख्या टर्म. ही सोय काही फक्त तुझ्यासाठी काढलेली नाही, बरीच मुलं अशीच अर्धी शीट घेऊन अप्लाय करतात.

पण डोळे मिटून भर असंही मी म्हणत नाहीये. तू तीन म्हणालीस ना, फिजिक्स टू, बायोकेम आणि स्टॅटिस्टिक्स? मी मोजले, चार होतात. ऑरगॅनिक केमिस्ट्री टू तू हिरवं, म्हणजे झालेलं, करून ठेवलंयस, ते तर अजून फॉलमध्ये सुरू व्हायचंय! (बेरीज तीनदा तपासायची माझी सवय तुम्ही दोघी हसण्यावारी नेता, असो.) आणि बाकीच्या सगळ्याची गाठ तिथेच आहे, कारण ऑरगॅनिक झाल्याशिवाय तुला बायोकेम घेता येणार नाही, म्हणजे ते स्प्रिंगच्या आधी शक्यच नाही. त्यातच तू फिजिक्स, त्याची लॅब आणि स्टॅटिस्टिक्सही स्प्रिंगला ढकललंयस, वर क्लिनिकचे तास. अशा टर्ममध्ये ग्रेड घसरतो आणि नेमका तोच ग्रेड महत्त्वाचा, कारण ॲडमिशन मिळाली तरी ती अटीवर असते, राहिलेला विषय त्यांनी सांगितलेल्या ग्रेडने, कुठे सी तर कुठे सी मायनस, पास झालीस तरच पक्की. मला विचारशील तर स्टॅटिस्टिक्स आत्ता समर सेशनला उरकून टाक, फिजिक्स ऑरगॅनिकबरोबर फॉलला घे, आणि स्प्रिंग बायोकेमसाठी मोकळा ठेव. पुढच्या उन्हाळ्यावर काही म्हणजे काही ठेवू नकोस, बऱ्याच कॉलेजांना सगळं स्प्रिंग संपेपर्यंत झालेलं लागतं.

आता कॉलेजं. प्रत्येकाचा नियम वेगळा, किती विषय बाकी चालतात, स्प्रिंगला किती चालतात, लॅबचा विषय ऑनलाइन केलेला चालतो का. जिथे तुझं गणित बसत नाही ते नाव यादीतून सरळ उडव, दर कॉलेजमागे फी आहे. वेबसाइटवर स्पष्ट नसेल तर ॲडमिशनवाल्यांना मेल कर, फोन नको, उत्तर लेखी हातात असलेलं बरं. आणि फॉर्ममध्ये एक लिहून नंतर टर्मला भलतंच घेतलंस असं करू नकोस, प्लॅन बदलला तर त्यांना कळव. दुसऱ्या कॉलेजात एक उन्हाळा केलेला तो कोर्स, जो तू मध्येच सोडलास आणि ज्याचं नाव घरात कोणी काढायचं नाही, तोही टाकायचाय, डब्ल्यूसकट, म्हणजे विषय सोडल्याच्या शेऱ्यासकट. जिथे जिथे शिकलीस तिथलं सगळं त्यांना लागतं.

शेल्टरमधले तास आणि क्लिनिकमधले तास वेगळे लिहितेयस ना? व्हेटच्या हाताखाली केलेलंच व्हेटरनरी एक्स्पीरियन्समध्ये जातं, नुसतं पिंजरे धुणं, कुत्री फिरवणं प्राण्यांच्या अनुभवात. तुझ्या डायरीत दोन्ही एकाच पानावर दिसले मला. शिफारसपत्रं कमीत कमी तीन लागतात आणि डॉक्टर मॅडमना अजून विचारलेलं नाहीस असं आई सांगत होती. उद्या विचार. त्या कामात असताना नको, दुपारी जरा निवांत असतील तेव्हा.

शीट दुरुस्त करून परत पाठव, ऑरगॅनिक लाल कर आधी.

आणि ती शीर सापडत नव्हती ती मांजर, तिला सलाईन लागली का शेवटी?

बाबा