हे भरतकाम नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला तुजियांवरचा लेख वाचला. चीनमधल्या या लोकांसाठी मराठी वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं, त्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात.

पहिल्या फोटोखाली ओळ आहे, 'तुजिया स्त्रियांचे नाजूक भरतकाम'. फोटोत माग आहे, बाईच्या कमरेला पट्टा आहे, सुई मात्र कुठेच नाही! हे कापड शिलानकापू. 'शिलान' म्हणजे पांघरूण, 'कापू' म्हणजे फूल. ते विणतात. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक मागाला आणि दुसरं विणणारीच्या कमरपट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. रेलणं कमीजास्त झालं की एकाच नक्षीतले चौकोन कुठे उंच, कुठे बसके येतात. शिंगाच्या टोकदार काडीने ताण्याचे धागे मोजून उचलायचे, त्यांखालून रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, घालायचा आणि त्या रंगाची हद्द संपली की तिथूनच माघारी फिरवायचा. मग जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या साध्या विणीचा, धागा टाकून ठोकायचं. पैठणीच्या पदरावरच्या मोराला रंगागणिक वेगळी कांडी लागते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तत्त्व तेच. पण पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. इथे सुलट बाजू खाली असते आणि विणणारीसमोर सगळा वेळ उलटीच. 48 आकड्यांची (हुकांची) म्हणून जी प्रसिद्ध नक्षी आहे, तिच्या तिरक्या रेषेत एक धागा चुकीचा मोजला गेला, तर वरची प्रत्येक ओळ तेवढीच सरकत जाते आणि चूक कळते ती कापड उलटून पाहिल्यावर. उसवण्याला पर्याय नाही. कापड जेमतेम हातभर रुंद, म्हणून पांघरुणासाठी तीन पट्टे जोडतात. सुई लागते ती या शिवणीपुरती.

लेखकाने च्यांगच्याच्ये या तिथल्या पर्यटनस्थळाच्या दुकानांतून 'अस्सल हातमाग' घ्यायची शिफारसही केली आहे. घेणाऱ्याने आधी कापड उलटावं. मागे रंगीत धागे या काठापासून त्या काठापर्यंत लांबच लांब धावत असतील, तर ते यंत्रावरचं.

दुसऱ्या फोटोतल्या बाईच्या डोक्यावर चांदीची भलीमोठी शिंगं आहेत. हा त्याच भागातल्या म्याव लोकांचा शिरपेच. तिथल्या स्वायत्त जिल्ह्याच्या नावातच 'तुजिया व म्याव' असं दोघांचं नाव आहे, त्यामुळे गोंधळ झाला असेल. पण कोळणीचा फोटो छापून खाली 'वारली स्त्री' लिहिलं असतं, तर आपल्या कचेरीत फोन वाजायचे थांबले नसते.

राहिला 'हजारो वर्षे न बदललेला पोशाख'. युंगशुन या तुजिया मुलखावर 910पासून आठशे वर्षं राज्य केलेल्या फंग घराण्याने 1728 साली गादी सोडली आणि चीनच्या छिंग बादशहांच्या दरबाराचे अंमलदार थेट कारभार बघू लागले. तोवर बाया-पुरुष दोघंही घागऱ्यासारखं वस्त्र नेसत. बाईचा आणि पुरुषाचा वेश वेगळा दिसला पाहिजे, हा या अंमलदारांचा हुकूम. लेखात 'प्राचीन' म्हणून वर्णन केलेला रुंद बाह्यांचा अंगरखा त्यानंतर रुळलेला.

आणि लोकसंख्या! 1982 साली 28 लाख, 1990 साली 57 लाख, हे आकडे बरोबर दिले आहेत. त्यावरून 'जन्मदर प्रचंड' हा शोध कुणी लावला? ऐंशीच्या दशकात तुजियांचे स्वायत्त जिल्हे-तालुके झाले, तेव्हा कागदोपत्री हान, म्हणजे चीनमधले बहुसंख्य, असलेल्या लाखो लोकांनी आपली नोंद बदलून घेतली. मुळात तुजिया म्हणून वेगळी ओळख सरकारदरबारी मान्य झाली तीच 1957 साली. माणसं होतीच, रकाना बदलला. बोली मात्र वाढली नाही. बहुतेकांच्या घरात आता चिनीच बोलतात. 'त्यांच्या प्राचीन लिपी'बद्दल काय बोलावं? या भाषेला परंपरेने लिपीच नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर फोटोंची आधी छापा.

आपला,
एक वाचक, येवला

ता.क. एकाच लेखात 'तुजिया', 'टुजिया' आणि 'तुजीया' अशी तीन रूपं आहेत. मुद्रितशोधक रविवारी सुट्टीवर असतात का? ते लोक स्वतःला 'बिझिका' म्हणवतात, ते नाव तर लेखात एकदाही आलेलं नाही.