चकलीला गावी आणायचं का

दहिवडी,
बुधवार

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. तू विचारलंस, "आप्पा, चकलीला गावी घेऊन जाता का?" मी लगेच "हो, आण की" म्हणालो आणि तू रडायलाच लागलीस. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. फोनवर तू नुसतं "हो आप्पा, हो आप्पा" करतेस, म्हणून लिहायला बसलो. तुझी आई म्हणते, कुत्र्यासाठी एवढी पानं, उद्या जावयाला तरी एवढं लिहाल का. तिच्याकडं लक्ष देऊ नको.

तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला. जुना मोबाइल कपाटावर ठेवून केलास ते फार बरं केलंस, नाहीतर आपण इथं बसून अंदाजच बांधत राहिलो असतो. अकरा वाजून चार मिनिटांनी दार लागतं. चकली दाराखालच्या फटीला नाक लावते. मग रडायला सुरुवात. मध्येच थांबते, कान टवकारते, लिफ्टचा आवाज आला की उभी राहते, पुन्हा रडते. पंचवीस मिनिटं हे चालतं. मग चौकट ओरबाडते, आणि शेवटी तुझी निळी चप्पल तोंडात धरून पायपुसण्यावर आडवी होते. चप्पल चावत नाही, नुसती धरते.

तू फाडलेल्या सोफ्याकडं बघितलंस, मी तिच्या खाण्याच्या वाटीकडं बघितलं. सकाळी भरून ठेवलेली वाटी रात्री दहाला तू घरात आल्यावर तिनं एका दमात संपवली. अकरा तास भुकेलं जनावर समोरच्या अन्नाला तोंड लावत नाही, म्हणजे ते कंटाळलेलं नाही, घाबरलेलं आहे. कंटाळलेलं कुत्रं आधी खातं आणि मग उद्योग करतं.

तेव्हा ती तुझ्यावर राग काढते, हे डोक्यातून काढून टाक. तू आलीस की कान पाडून कोपऱ्यात बसते ती चूक कबूल करायला नव्हे. सोफा तिनं दुपारी फाडला, तू रात्री ओरडलीस. या दोन गोष्टींचा संबंध तिला लागत नाही. तुझा आवाज चढलाय एवढंच कळतं. मग उद्या तू जाण्याचीही भीती आणि येण्याचीही.

आणि हे जुलैपासूनच का सुरू झालं बघ. होळीच्या सुमारास तू तिला पार्किंगमधून उचललीस, तेव्हा तुझं काम घरूनच होतं. चार महिने ती तुझ्या खुर्चीखाली झोपली. मग ऑफिसनं पाचही दिवस हिंजवडीला यायला सांगितलं आणि एका सोमवारी तू अकरा तास गायब झालीस. वासरूसुद्धा कोणी एका दिवसात गाईपासून तोडत नाही गं. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं, पण तू सांगायचीस "ती मजेत आहे" आणि मी मान डोलवायचो.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. १९९४ साली मी गुरांच्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहत होतो, तुझी आई अजून यायची होती. एका धनगरानं मला कारवानी जातीचं पिल्लू दिलं. लांब पायांचं, खपाटीला गेलेल्या पोटाचं. राजा नाव ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या या गुरांच्या रोगांचं लसीकरण निघालं. गुरं चरायला सुटायच्या आत टोचायची म्हणून मी पहाटे साडेचारला लसीचा बर्फाचा थर्मास एम-एटी गाडीला अडकवून निघायचो. दुपारी दुसरं गाव, संध्याकाळी रजिस्टर, घरी यायला रात्रीचे नऊ. राजा कडुलिंबाला चार फुटी साखळीनं बांधलेला. शिपायाची बायको दुपारी पाणी ठेवायची. रात्री मी दूध-भाकरी कुस्करून घालायचो आणि मला वाटायचं, आपलं झालं.

त्यानं पुढचा डावा पाय चाटायला घेतला. मनगटाच्या वर, रुपयाएवढी जागा. केस गेले, मग कातडं गेलं. मी मलम लावलं, पट्टी बांधली. तो पट्टी सोडून चाटायचा. आमचे डॉक्टर तपासणीला आले होते, त्यांनी पाय बघितला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "दिवसभर हा काय करतो?" मला उत्तर देता आलं नाही. अख्ख्या तालुक्याची गुरं माझ्या रजिस्टरला होती आणि माझ्याच अंगणातलं जनावर स्वतःला खात होतं. ऑफिसात प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याची पुस्तिका होती, १९६० चा कायदा. त्यातल्या कलम ११ मध्ये लिहिलंय की, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही तर तो गुन्हा. ती पुस्तिका मी लोकांना वाचून दाखवायचो.

एके रात्री आलो तर पट्टा नुसता साखळीला लोंबत होता. दीड-दोन महिन्यांनी एका गावाच्या शिवेवर मेंढरांच्या कळपामागं तो दिसला. पाय भरून आला होता, केससुद्धा उगवायला लागले होते. हाक मारली, तो जवळ आला, हात चाटला, शेपूट हलवली. आणि वळून मेंढरांमागं गेला.

म्हणून "आण की" हे माझं उत्तर घाईचं होतं. इथं आणली तर काय होईल ते मला दिसतंय. आपल्या गल्लीत सहा-सात कुत्र्यांचं टोळकं आहे, फाटक सदा उघडं, मग मी सुरुवातीला तिला बांधणार. आणि माणूस एकदा बांधायला शिकला की सोडायचं विसरतो.

तुझ्याकडंच काय करता येईल ते आधी बघू. आठ महिन्यांच्या कुत्रीनं सहा-सात तास लघवी धरणं ठीक आहे, अकरा तास म्हणजे शिक्षा. तेव्हा दुपारी घरात कोणीतरी आलंच पाहिजे, यात तडजोड नाही. तुझ्या पोळ्यांच्या मावशी सकाळी साडेनऊला येतात ना? त्यांना विचार, दुपारी तीनला जमेल का. गार पोळी खाल्लीस तर मरत नाहीस. वीस मिनिटं खाली फिरवायचे वेगळे पैसे दे, नीट दे. त्या नाही म्हणाल्या तर फिरवायला माणूस लाव. मॅनेजरलाही सांग की आठवड्यात दोन दिवस घरून काम हवंय, आणि कारण खरं सांग. तू लहानपणापासून अशीच. दप्तराचा बंद तुटला तर महिनाभर काखोटीला मारून नेलंस, पण कोणाला "शिवून दे" म्हणाली नाहीस. तुझं तू निभावलंस. चकलीला तसं निभावता येत नाही.

सकाळचं फिरणं दहा मिनिटांत उरकू नको. पळवायची गरज नाही, हुंगू दे. एकाच खांबापाशी पाच मिनिटं थांबली तर थांबू दे, नाक वापरून ती जास्त दमते. हातातला मोबाइल खिशात ठेव. निघताना "बाय बाळा, लवकर येते" हा कार्यक्रम बंद. न धुतलेली एखादी ओढणी तिच्या अंथरुणावर टाक.

खरं औषध वेगळंच आहे आणि ते चिवट आहे. दिवसातून दहा वेळा किल्ल्या उचल आणि चहा करायला जा. बॅग खांद्याला लाव आणि भाजी निवडायला बस. किल्ली वाजली म्हणजे सोनू गेली, ही तिच्या डोक्यातली गाठ आधी सुटू दे. मग दाराबाहेर जा, दहाच सेकंद. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं. ती रडायच्या आत परत यायचं. रडली तर आपण जास्त ताणलं, पुन्हा मागं यायचं. अर्धा तास ती शांत राहिली की पुढचा वेळ भराभर वाढतो. अडचण अशी की हे शिकवताना मधे एकदाही तिला दिवसभर एकटी सोडून चालत नाही, नाहीतर आठवड्याची मेहनत एका सोमवारी पाण्यात. आणि तू एकटी हे करू शकत नाहीस. म्हणून मी येतोय. तीन आठवडे.

दुसरं पिल्लू आणायचा सल्ला तुला मैत्रिणींनी दिलाय म्हणालीस. आणू नको. तिला कुत्रं नको आहे, तू हवी आहेस.

खालच्या मजल्यावरच्या काकांच्या चिठ्ठीचं. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही हे खरं आहे, पण ते त्यांच्या तोंडावर फेकू नको. रोज पंचवीस मिनिटं डोक्यावर रडणं ऐकणाऱ्या माणसाची तक्रार खोटी नाही. वर जाऊन—म्हणजे खाली जाऊन—सांग की उपाय सुरू केलाय, तुझा नंबर दे. मी आलो की मीही भेटतो.

बाकी थोडक्यात. रेबीजची लस दर वर्षी, तारीख कॅलेंडरवर लिही. पाऊस संपताना गोचीड वाढतात, रोज रात्री कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघ. ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घे. इथून कोणी गुरांवर फवारायचं औषध पाठवतो म्हणालं तर घेऊ नको. तुझ्या पर्समधली अंगदुखीची गोळी तिला कधीही नाही. कांदा, लसूण, चॉकलेट नाही, आणि आई पाठवते ते तासगावचे बेदाणेही नाहीत, मूत्रपिंडावर जातात. तिचा पहिला माज आता कधीही येईल, तेव्हा डॉक्टरांना विचारून नसबंदीच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरव. पुढं गर्भाशयात पू होण्याचं दुखणं टळतं. दिवाळीच्या फटाक्यांचं आल्यावर बोलू.

तीन आठवड्यांत नाही जमलं तर मी परत येताना तिला घेऊन येईन. फाटकाला जाळी मारायला मी आजच माणसाला सांगितलंय. त्यात तू हरलीस बिरलीस असं काही नाही, तेव्हा रात्री साडेअकराला रडत बसू नको.

शनिवारी सकाळच्या स्वारगेट गाडीनं निघतोय, तुला सुट्टी असते म्हणून मुद्दाम तोच वार धरला. वाकडला पोचलो की बेल वाजवणार नाही, गेटवरून फोन करीन. तू तिला साखळीत घेऊन खाली ये. आमची पहिली भेट रस्त्यावर होऊ दे, तिच्या घरात नको. तू मध्ये चाल, मी तिच्याकडं बघणार नाही. थोडं फिरलो की मग तिघं मिळून वर जाऊ.

आईनं तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून दिलीय. लसूण भरपूर आहे. डबा वरच्या फळीवर ठेवायचा.

तुझा,
आप्पा