ओमच्या मेंदूतली गाठ आणि आईचा प्रश्न

लंडन

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

ओमला फिट आल्यानंतरची एमआरआयची फिल्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही नीट पाहिली. फोनवर तू रडत होतीस म्हणून फार बोललो नाही. पण आईचा प्रश्न डोक्यातून जात नाही : चातुर्मासात कांदासुद्धा न शिजणाऱ्या घरात डुकराचा जंत पोराच्या मेंदूत आलाच कसा?

आईला सांग, त्यासाठी मांस खावं लागतच नाही. डुकराचं अर्धंकच्चं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत, म्हणजे फितीसारखा लांब पट्टकृमी, वाढतो. त्याच्या शौचातून अंडी पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कोथिंबीर-मुळा अशा कच्च्या भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. मेंदूत गाठ होते ती या अंड्यांमुळे : अंड्यातून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूत जाऊन बसते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सनातनी ज्यू कुटुंबांत हाच आजार आढळल्याचं 1992 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्यांना तर डुक्कर धर्मानेच वर्ज्य. तेव्हा यात तुमचा कुणाचाही आचार चुकलेला नाही.

अंडं कधी पोटात गेलं, ते आठवत बसू नकोस. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी याच आजाराने फिट येऊ लागल्या. अशा 450 रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकम यांनी 1961 मध्ये इथेच छापला. कित्येकांना पहिली फिट संसर्गानंतर काही वर्षांनी आली होती.

एवढा काळ मेंदू गप्प का बसतो? ताई, माझं सगळं काम याच प्रश्नाच्या आसपासचं आहे. मेंदूतल्या शंभरातल्या पाच-दहा पेशी राखणीच्या असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. 1919 मध्ये माद्रिदचे शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने रंगवून त्या वेगळ्या ओळखल्या. 2005 मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्या पाहता आल्या, तेव्हा कळलं की त्या क्षणभरही स्वस्थ नसतात. बारीक फांद्या पुढेमागे करत सतत भोवताल चाचपत असतात. अजूनही सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या की मी हरखतो.

मी ज्यावर काम करतो तो टॉक्सोप्लाझ्मा एकाच पेशीचा जीव. टी-पेशींकडून, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींकडून, गॅमा इंटरफेरॉन या रसायनाचा इशारा आला की मायक्रोग्लिया त्याला आपल्या पोटातच मारू शकतात. पट्टकृमीच्या अळीची गाठ मात्र सेंटिमीटरभर, ती गिळणार कशी? शिवाय जिवंत अळी अशी द्रव्यं सोडते की राखणच मंदावते. ती मरू लागली की आवरण खचतं, आतलं पाणी झिरपतं, आणि तेव्हा या पेशी खडबडून जाग्या होतात. फांद्या आखडून घेतात, दाहाची रसायनं सोडतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. रक्तवाहिन्या पाझरून सूज येते, शेजारच्या चेतापेशी बिथरतात आणि फिट येते. फिल्ममध्ये गाठीभोवती जे पांढरं कडं दिसतंय ना, ते याच धुमश्चक्रीचं. अळी बहुधा मरायलाच लागली आहे.

म्हणूनच जंताच्या औषधासोबत स्टेरॉइड लिहून दिलंय. अळी मरताना उठणारा दाह त्याने आवरतो. कुणी 'स्टेरॉइड वाईट' म्हटलं म्हणून मधेच बंद करू नकोस. डॉक्टर सांगतील तसंच कमी करायचं. मेडिकलमधून जंताची जादा गोळीही आणू नकोस, सूज आणखी वाढेल. फिटची गोळी रोज ठरल्या वेळी. गाठ विरली तरी कधी कधी चुन्यासारखा ठिपका मागे राहतो आणि त्याच्यामुळेही फिट येऊ शकते, म्हणून ती गोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालूच ठेवायची.

पुन्हा फिट आलीच तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेव. आणि घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचार. अंडी घरातल्याच कुणाकडून आली असतील तर त्याचा उपचार गोळ्यांनी सहज होतो.

पुढचा एमआरआय झाला की त्याच दिवशी पाठव. आईला नमस्कार, भाऊजींनाही. ओमला खूप खूप प्रेम.

तुझा,
धाकटा