संगणकाचे घड्याळ हाताने लावू नका

मा. संपादक,

सदाशिव पेठेतले सीए कार्यालय असो की भोसरी एमआयडीसीतले वर्कशॉप, नेटवर्कवरच्या संगणकांची वेळ चुकली की कोणीतरी मोबाइलकडे पाहत एकेका मशीनचे घड्याळ लावत बसतो. काही दिवसांत पुन्हा तेच. वेळ नेमकी कितीने चुकली हे आधी पाहिले, तर बहुधा कारणही कळते.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळाचा दोष नाही. टाइम झोन यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेवर राहिला असेल, किंवा एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील. लिनक्स सहसा हार्डवेअर घड्याळात यूटीसी ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. तारीखच काही वर्षे मागे गेली, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की असे पीसी हमखास उघडे पडतात. तारीख चुकीची असल्याने ब्राउझर बँकेच्या साइटचे 'प्रमाणपत्र वैध नाही' म्हणतो आणि खापर इंटरनेटवाल्यावर फुटते! रोज एक-दोन सेकंदच सरकत असतील तर हार्डवेअर ठीक आहे. घड्याळ चालवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकात २० पीपीएम (दहा लाखांत वीस भाग) चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद जातातच. वेळ बाहेरच्या टाइम सर्व्हरवरून (नेटवर्कवर अचूक वेळ देणाऱ्या संगणकावरून) जुळवली जात नाही, एवढेच.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स' द्यावे. 'लोकल सीमॉस क्लॉक' असे उत्तर आले तर मशीन स्वतःच्याच घड्याळावर चालले आहे. 'डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:' आणि पुढे टाइम सर्व्हरचे नाव दिले की फरक सेकंदांत दिसतो. तिथे '०एक्स८००७०५बी४' ही त्रुटी म्हणजे सर्व्हरचे उत्तर पोहोचत नाही. बहुतेकदा फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळेचे संदेश ज्यातून जातात तो मार्ग, बंद असतो. 'पिंग तर लागतोय' हा युक्तिवाद इथे चालत नाही. पिंग आयसीएमपीवर जातो, टेलनेट टीसीपीवर; हे यूडीपीहून वेगळे प्रोटोकॉल आहेत. दोन्हींतून या पोर्टबद्दल काही कळत नाही.

डोमेन (एका मध्यवर्ती सर्व्हरवरून चालवलेले विंडोज संगणकांचे जाळे) असेल तर बाहेरची वेळ फक्त पीडीसी एम्युलेटरने, म्हणजे डोमेनमधल्या वेळेचा मुख्य असलेल्या सर्व्हरने घ्यावी, बाकीच्यांनी डोमेनकडून. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस ही डोमेनची ओळख-पडताळणी यंत्रणा तिकीट (प्रवेशाचा परवाना) नाकारते. पासवर्ड बरोबर असूनही शेअर्ड फोल्डर उघडत नाही. पीडीसी एम्युलेटरचा सर्व्हर हायपर-व्हीवर (मायक्रोसॉफ्टच्या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीवर) असेल तर होस्टकडून, म्हणजे तो ज्या खऱ्या संगणकावर चालतो त्याच्याकडून होणारे टाइम सिंक्रोनायझेशन बंद करावे, नाहीतर दोन मालक एकाच घड्याळाला दोन बाजूंनी ओढतात. लिनक्सवर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम असेल तर फरक पाहायला 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही आज्ञा पुरते. त्याच कामाचा जुना प्रोग्राम एनटीपीडी मात्र १००० सेकंदांहून अधिक फरक दिसला की बंदच पडतो. तो '-जी' पर्यायासह सुरू करावा.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) सगळेच विसरतात. फुटेजवरची वेळ वीस मिनिटे चुकलेली असली की सोसायटीतल्या चोरीच्या तपासात ते फुटेज वादात सापडते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनीही एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा), अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरवरून वेळ घेणे अपेक्षित आहे. कार्यालयांच्या वार्षिक देखभाल करारांत अँटिव्हायरस असतो, प्रिंटर असतो. वेळेची तपासणी क्वचितच. करार नूतनीकरणाला येईल तेव्हा ही एक ओळ त्यात लिहून घ्यावी.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, पुणे