गालिच्यातली धूळ आणि गोव्याची दमट हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथीच्या साफसफाईत यंदा आम्ही दिवाणखान्यातला गालिचा पहिल्यांदाच पूर्ण उचलला आणि खाली जे दिसले, ते पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम क्लीनर फिरत असूनही फरशीवर मैद्यासारख्या तांबूस धुळीचा थर होता आणि त्या थरावर गालिच्याच्या विणीची रेघन् रेघ उमटली होती. आमचे घर डिचोली तालुक्यात रस्त्यालगत आहे, त्यामुळे लाल धूळ आम्हांला नवीन नाही. पण वरून स्वच्छ दिसणारा गालिचा ती चाळणीसारखी खाली साठवत असेल, याची कल्पना नव्हती.

नुसती माती असती तर एवढे वाईट वाटले नसते. आपल्या त्वचेचा जो कोंडा सतत झडतो, त्यावर जगणारे डस्ट माइट नावाचे जेमतेम पाव मिलिमीटरचे जीव अशा धुळीत असतात आणि त्यांची विष्ठा श्वासावाटे गेली की अनेकांचा दमा बळावतो. हे जीव पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते सुकून मरतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा हे त्यांना आयतेच घर. कोरड्या, थंड देशांतली ही पद्धत नव्या फ्लॅटांच्या झोपायच्या खोल्यांत आणण्याआधी आपण विचार करायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या वर्षी जुलैत एका व्यावसायिकाने आमचा गालिचा घरातच शाम्पूने धुऊन दिला. तो चार दिवस ओला राहिला, त्याला कुबट वास आला, एका कोपऱ्यात बुरशी धरली आणि माझ्या दमेकरी नातीला रात्र बसून काढावी लागली. पावसाळ्यात गालिचे धुण्याचे काम घेऊच नये, निदान ते वाळणार कसे हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे, अशी या व्यवसायातल्या मंडळींना माझी विनंती आहे.

आता आम्ही गालिचा आधी उलटा घालतो आणि पाठीवरून यंत्र फिरवतो, म्हणजे तळाशी रुतलेली रेती सुटून फरशीवर पडते; ती ओल्या फडक्याने टिपून घेतली की मग सरळ बाजूने, सावकाश, उभे-आडवे यंत्र फिरवायचे. साध्या यंत्रातून बारीक धूळ मागच्या हवेबरोबर पुन्हा खोलीत येते, म्हणून अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचे यंत्र घ्यावे आणि पिशवी अंगणात जाऊन रिकामी करावी. ऑक्टोबरच्या उन्हात गालिचा दोरीवर टाकून झोडपावा, मात्र झोडपणाऱ्याने नाकाला फडके बांधावे. आणि ऊन दिल्यावरही यंत्र फिरवावेच, कारण किडे मेले तरी त्रास देणारी विष्ठा तिथेच राहते. वहाणा ओसरीवरच काढणे आणि दाराबाहेर व आत एकेक जाड पायपुसणे ठेवणे, एवढ्यानेही आत येणारी माती बरीच अडते.

नातीच्या खोलीतला गालिचा मात्र आम्ही काढूनच टाकला. तिथे आता सुती सतरंजी आहे आणि ती ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुता येते.

आपली नम्र,
एक वाचक, डिचोली