व्यसनोपचारासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण हवे

महोदय,

व्यसनोपचाराचे काम डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक असे अनेकजण करतात. मात्र पदवीच्या अभ्यासक्रमात या विषयाच्या वाट्याला सहसा फारच थोडा वेळ येतो आणि उरलेले शिक्षण रुग्णांच्या जिवावर होते. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊन प्रसंगी जीवही जाऊ शकतो. अशा कुपोषित रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लावताना थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायचे राहून गेले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद राहिले, की शरीराची सहनशीलता उतरते आणि पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते, हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना घरी सोडण्यापूर्वीच सांगायला हवे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे देणे म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे, असे मानणारे व्यावसायिक आजही भेटतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण या औषधांमुळे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेले आहे.

संवादाचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत, म्हणजे उपदेश न करता संवादातून रुग्णाचीच बदलण्याची इच्छा जागवणे, दोन दिवसांच्या कार्यशाळेत हाती येत नाही. रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण अनुभवी पर्यवेक्षकासोबत ऐकून, आपण कुठे उपदेश केला आणि कुठे खरोखर ऐकले, हे तपासावे लागते. म्हणून नोकरी सांभाळून करता येईल असा, किमान वर्षभराचा आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेवर भर देणारा अभ्यासक्रम विद्यापीठांनी सुरू करावा आणि त्यात सर्व शाखांच्या व्यावसायिकांना एकत्र शिकवावे.

— एक वाचक