केसपेपर फुकट झाला

११ जानेवारी २०२६

वसंता,

तुझा फोन दोनदा उचलला नाही, राग धरू नकोस. दिवाळीनंतर माय ओसरीच्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. ती सावरली म्हणून लिहायला बसलो. तेव्हा फोनवर बोललो असतो तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या.

आधी तालुक्याला नेलं, सरकारीत. १०८ अर्ध्या तासात आली, तिला नावं ठेवणार नाही. पण तिथे हाडांच्या डॉक्टरची जागा रिकामी. कधीपासून, विचारलं तर सिस्टर नुसती हसली. एक्स-रेचं मशीन होतं, काढणारा घरी गेलेला. केसपेपर मात्र लगेच मिळाला, आणि फुकट! १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत पैसे घेणं बंद झालंय ना. त्या फुकटच्या कागदावर एका शिकाऊ डॉक्टर पोरीने एकच शब्द लिहिला, रेफर. तिचा तरी काय दोष, एकटी होती बिचारी.

मला तेव्हा तुझे बापू आठवले. गावच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, आपण घरून बाटली धुऊन न्यायचो आणि ते लाल औषध ओतून वर कागदाच्या खाचांची पट्टी चिकटवायचे. त्या लाल पाण्यात काय होतं देव जाणे. पण पावसाळ्यात हगवणीची साथ आली तेव्हा बापू आणि डॉक्टर दोघं रात्रभर सलाईन लावत होते. कुणाला धुळ्याला पाठवल्याचं आठवत नाही. आता इमारत नवी आहे, टाइल्स आहेत. ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे कागदावरचं गणितही जमतं, पण संध्याकाळी जाऊन बघ, कुलूप.

आता माझी चूक सांगतो. धुळ्याला हिरे मेडिकल आहे, सरकारी कॉलेजचं हॉस्पिटल, चक्करबर्डीला. मी तिकडे गेलोच नाही. कुणीतरी म्हणालं, तिथे गर्दी, लोक खाली झोपतात, मायचे हाल होतील. मी ऐकलं आणि गाडी खासगीत वळवली. बोर्डावर महात्मा फुले योजनेचं नाव होतं, तेवढ्यावर विश्वास ठेवला. आत आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनिसाने, सांगितलं की योजना आहे, पण या दवाखान्यात हाडांच्या विभागाला नाही. आता योजनेत कुटुंबाला ५ लाखांचं संरक्षण आहे, पांढरं रेशनकार्डही चालतं. पण कोणत्या दारातून आत जायचं हे आधी कोण सांगणार? माय कण्हत होती. ५०,००० डिपॉझिट भरलं. सोडताना बिल १,८६,००० झालं होतं. त्यातले ६०,००० इम्प्लांटचे. तो कोणत्या कंपनीचा, विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, 'काका, इंपोर्टेड आहे.'

बिलात न आलेला खर्च वेगळाच. घरात २२ क्विंटल कापूस होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभाव क्विंटलला ८,११० होता, पण तिथे नंबर लावा, ओलावा मोजा, पैशांची वाट बघा. मला दुसऱ्या दिवशी रोकड हवी होती. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला ६,९०० ने देऊन टाकला. हिशेब तूच कर, गणितात तू माझ्यापुढे होतास. २६,६२० रुपये त्या काट्यावरच गेले.

आणि ऐक. आमच्या सालदाराची, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची, आई गेल्या वर्षी अशीच पडली होती. त्याच्याकडे डिपॉझिटच नव्हतं, म्हणून तो हिरे मेडिकललाच गेला. नऊ दिवस ऑपरेशनचा नंबर लागला नाही, तो खाली सतरंजीवर झोपला, काही औषधं बाहेरून आणावी लागली. सगळे मिळून सहा-सात हजार गेले. म्हातारी आज शेळ्या वळते.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुझ्याकडे मेडिक्लेम, माझ्याकडे थोडा कापूस, म्हणून आपण सरकारी दवाखान्याची पायरी सोडली. मागे राहिला सालदार, आणि त्याचं ऐकतो कोण? सरपंच, मास्तर, पतपेढीचा चेअरमन त्या रांगेत उभे असते तर डॉक्टरची जागा इतकी रिकामी राहिली असती का? वर नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर अडलेल्या बाईला अजून बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकार आरोग्यावर जीडीपीच्या अडीच टक्के खर्च करेल. २०२५ गेलं की रे. असो, मी पेपरातल्या अग्रलेखासारखं बोलायला लागलो.

आता खरी पंचाईत. घरी आल्यावर मायने विचारलं, "कितला पैसा लागनात रे भाऊ?" खरं सांगितलं असतं तर तिने गोळ्या बंद केल्या असत्या, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. मी म्हणालो, योजनेत झालं, काहीच लागलं नाही. तिने ते पूर्ण गल्लीत सांगितलं. परवा शेजारच्या कासारकाकू आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्याच दवाखान्यात जाणार म्हणे, तिथे फुकट होतं ना! पिशवी भरून ठेवलीय त्यांनी. काल दिवसभर त्यांचं दार चुकवलं. उद्या सकाळी जातो, माय उठायच्या आत.

तुझा,
सुरेश